नाडीच्या ठेक्यावर वाजणारा कान

आमच्या घरात कान दोघांचे वाजायचे, सासऱ्यांचा आणि माझा.

नाना भुसावळच्या रेल्वेत इंजिनांच्या शेडमध्ये ३२ वर्षं फिटर होते. त्यांच्या दोन्ही कानांत रातकिडे ओरडतात, दिवसरात्र, एका सुरात. आपण विचारल्याशिवाय ते त्याबद्दल बोलतही नाहीत, इतकी सवय झालीय. मागच्या वर्षी चैत्रात जेवताना मी म्हटलं, "नाना, माझा उजवा कान वाजतोय," तेव्हा ते मायेनंच म्हणाले, "अगं, माझा वीस वर्षांपासून वाजतो. काही होत नाही त्यानं. लक्ष द्यायचं नाही." मी लक्ष द्यायचं सोडलं. आठ महिने सोडलं. त्या आठ महिन्यांत उजव्या डोळ्याच्या नजरेचा एक कोपरा गेला, तो अजून पूर्ण परत आलेला नाही. कान वाजतो आणि डोकंही दुखतं, असं दोन्ही एकत्र आलं तर काय विचारायचं, काय बघायचं, हे मला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहितेय.

डोकेदुखी आधी सुरू झाली की आवाज आधी, हे आता नीट आठवत नाही. डोकं दुखायचं ते सकाळी उठतानाच. रात्रभर कुणीतरी डोळ्यांच्या मागून दाबत बसलंय असं वाटायचं. केर काढायला वाकले, खोकला आला, जोर करून बादली उचलली की कळ डोक्याच्या मागच्या भागापर्यंत जायची. उठून चालायला-फिरायला लागलं की दहा-अकरापर्यंत जरा हलकं व्हायचं. मी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. रोज स्कूटीवरून तापीचा पूल ओलांडून जायचं. खान्देशातलं चैत्र-वैशाखाचं ऊन म्हणजे पारा ४४-४५ च्या घरात. तेव्हा ज्याला सांगावं तो एकच म्हणायचा, ऊन लागलं. कैरीचं पन्हं झालं, पर्समध्ये कांदा ठेवून झाला, डोक्याला ओला रुमाल बांधून झाला. पण ऊन लागलेलं डोकं संध्याकाळी दुखतं, झोप झाली की उतरतं. माझं झोपेनं वाढत होतं. हे उलटं गणित तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

आवाजाचं नीट कळलं ते गच्चीवर. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. एका रात्री लाइट गेली, खालच्या सगळ्या घरांतले कूलर एकदम बंद पडले आणि मला लांबून मोटरचा आवाज आला. हूश... हूश... हूश... सारख्या अंतरानं. मी ह्यांना उठवलं, "एवढ्या रात्री कुणाची मोटर चालू आहे हो? लाइट तर गेलीय." ते उठून बसले, कानोसा घेतला आणि म्हणाले, "कुठली मोटर?" मी डाव्या कुशीवर वळले तर आवाज तसाच. उजव्या कुशीवर झोपून कान उशीत दाबला तर उलट मोठा झाला. तेव्हा समजलं की मोटर बाहेर कुठेच नाही.

दोन जिने चढून वर आलं की तो आवाज भरभर व्हायचा आणि थोडं बसलं की सावकाश. हे मी कितीदा तरी अनुभवलं. त्याचा अर्थ डोळ्यांसमोर होता, पण मला तो वाचता आला नाही.

आमच्या शेजारच्या मावशी अमळनेरकडच्या. त्यांनी विचारलं, "कानमा काय वाजी राह्यनं वं माय?" आणि लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात सोडलं. आठ दिवस हा उपाय चालला. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी आधी तो तेल-मळाचा गोळा काढला आणि कानात काहीही घालायचं नाही म्हणून बजावलं. पडदा चांगला होता. मग ऐकण्याची तपासणी झाली. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा 'टीं' ऐकू आला की बटण दाबायचं. मध्येच माझा आतला हूश-हूश चालू असायचा, त्यातून 'टीं' वेचून काढावा लागायचा. रिपोर्ट दोन्ही कानांचा नॉर्मल आला. "कानात काही दोष नाही, ताण घेऊ नका," असं म्हणून महिनाभराच्या गोळ्या दिल्या. तपासणी त्यांनी मन लावून केली. फक्त आवाज कसा आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी सगळीकडे 'कान वाजतो' एवढंच सांगत होते.

मराठीत आपण रातकिड्यासारखा वाजला तरी 'कान वाजतो' म्हणतो आणि हूश-हूश झालं तरी 'कान वाजतो'च म्हणतो. माझं सगळं त्या एका शब्दात अडकलं होतं.

डोकेदुखीसाठी घरच्या डॉक्टरांनी अर्धशिशी सांगितली. त्यात अगदीच चूक होती असंही नाही, कारण अर्धशिशी आणि कान यांचं नातं खरंच आहे. आमच्याच शाळेत एक बाई आहेत, त्यांना वर्षानुवर्षं अर्धशिशी. अटॅक आला की उजेड नको, मुलांचा आवाज नको, उलटी होते आणि त्याच वेळी कानात शिट्टीसारखं वाजतं. अटॅक गेला की शिट्टीही जाते. मला नंतर मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं की अर्धशिशीत मेंदूची सगळीच ग्रहणशक्ती तीव्र होते. उजेड, वास, आवाज, सगळं जास्त टोचतं. चेहऱ्याची संवेदना वाहणारी जी नस अर्धशिशीत खवळते तिचे धागे कानापर्यंतही जातात. मान आखडलेली असेल, रात्री दात आवळायची सवय असेल तरी डोकं आणि कान दोन्ही बोलायला लागतात. अशा लोकांनी दात घट्ट आवळले किंवा मान वळवली की कानातला आवाज कमी-जास्त होतो. मी करून बघितलं, माझा आवाज हलला नाही. तो आपल्याच ठेक्यात चालू.

गोळ्यांबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी मी सुरुवातीला आठवड्यातून दोनदा घ्यायचे, श्रावणापर्यंत रोज एक झाली, कधी दोन. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळी पोटात जायला लागली आणि असं तीन महिने चाललं की त्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं. दोन-तीन औषधं एकत्र असलेली मिश्र गोळी असेल तर महिन्यातले दहा दिवसही पुरतात. आणि ज्या गोळीत अॅस्पिरिन असतं ती मोठ्या प्रमाणात घेतली तर कानही वाजतो. म्हणजे डोकं दुखतं म्हणून गोळी, गोळीनं कान, आणि परत डोकं. माझं मूळ दुखणं वेगळंच होतं, पण त्यावर हा थर चढल्यामुळे ते आणखी झाकलं गेलं. गावोगावी किराणा दुकानात चॉकलेटासारख्या मिळणाऱ्या या गोळ्यांची मला आता खरोखर भीती वाटते.

दिवाळीनंतर डोळ्यांचं सुरू झालं. वाकून स्कूटीचं स्टँड काढलं, ताठ उभी राहिले की उजव्या डोळ्यापुढे अंधारी यायची. चार-पाच सेकंद, लाइट जाऊन यावी तशी. मी समजले अशक्तपणा. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरं होतं. मग मुलांच्या वह्या तपासताना ओळी अंधुक दिसायला लागल्या, म्हणून चष्म्याचा नंबर काढायला जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर काढायलाच गेले होते, हे मी कधी विसरणार नाही.

त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले. अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसवलं. मग आत घेऊन उजव्या डोळ्यात प्रकाश टाकून बघितलं, डाव्यात बघितलं, परत उजव्यात. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुर्ची सरकवून समोर बसले आणि एकेक विचारत गेले. डोकं दुखतं का? सकाळी जास्त का? वाकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? मी सगळ्याला हो म्हणत गेले. शेवटी विचारलं, "कानात आवाज येतो का?"

"येतो. कान वाजतो उजवा."

"कसा वाजतो? तोंडानं काढून दाखवा."

ह्यांच्यासमोर मला अवघडल्यासारखं झालं. पण काढून दाखवला. हूश, हूश, हूश. त्यांनी माझ्या मनगटावर नाडी धरली आणि म्हणाले, "आता कानात येतोय तसाच काढत राहा." मी काढत राहिले. त्यांचं दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर नाडीबरोबर पडत होतं. माझा हूश आणि त्यांचं बोट एकदाही चुकलं नाही.

आठ महिने मी माझ्याच रक्ताचा आवाज ऐकत होते.

डोळ्यांच्या मागे जी नस मेंदूकडे जाते तिला दोन्हीकडे सूज आहे, उजवीकडे जास्त, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांना अशी सूज म्हणजे डोक्याच्या आतला दाब वाढलेला असू शकतो, आणि तो का वाढला हे आजच्या आज शोधायचं आहे असं समजा, म्हणाले. गाठ असू शकते, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, किंवा यातलं काहीच नसताना नुसताच दाब वाढलेला असू शकतो. मुरुमांसाठी काही गोळ्या घेतल्या का, व्हिटॅमिन ए घेता का, वजन वाढलंय का, हेही विचारलं. गोळ्या घेतल्या नव्हत्या. वजन दीड वर्षात ११ किलो वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं नाशिक गाठलं. मेंदूच्या डॉक्टरांनी परत तेच प्रश्न विचारले आणि मग मानेच्या उजव्या बाजूला दोन बोटांनी अगदी हलकं दाबलं. आवाज थांबला. बोटं काढली, आला. शिरेतून येणारा आवाज असा थांबतो. हे घरी स्वतः करून बघत बसू नका, मानेत मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्याही असतात, असं त्यांनी लगेच सांगितलं, तेही इथे लिहून ठेवते.

एमआरआयला मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना सगळं उतरवून ह्यांच्या हातात दिलं. शिरांचा फोटो वेगळा काढला, गुठळी बघायला. मशीनची धडधड थांबायची तेव्हा आत माझी हूश-हूश स्पष्ट ऐकू यायची, मला वाटायचं मशीनला पण ती ऐकू जात असेल. रिपोर्टमध्ये गाठ नव्हती, गुठळी नव्हती. कानामागून जाणारी मोठी शीर उजवीकडे अरुंद झालेली दिसत होती.

मग पाठीतून पाणी काढलं. याची मला सगळ्यात भीती होती. पाठीत सुई घातली की माणूस पांगळा होतो असं आमच्याकडे सर्रास बोलतात. कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, जागा बधिर केली. दुखलं ते बधिर करायच्या सुईचंच. पुढे नुसता दाब जाणवला. सुईला काचेची उभी नळी जोडली आणि पाणी तीत वर चढायला लागलं. मेंदूभोवती आणि कण्यात असं स्वच्छ पाणी कायम असतं, कुठल्याही वेळी साधारण १५० मिलिलिटर, आणि दिवसभरात अर्धा लिटरच्या आसपास नवं तयार होऊन जुनं रक्तात मुरतं. पाणी नळीत जितकं वर चढतं तेवढा दाब. निजलेल्या मोठ्या माणसाचा दाब २५ सेंटिमीटरच्या पुढे गेला तर जास्त समजतात. माझं पाणी ३६ वर जाऊन थांबलं.

त्यांनी थोडं थोडं पाणी बाहेर सोडलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. कधी झालं कळलं नाही, पण एकदम बाहेरच्या ट्रॉलीचं चाक कुरकुरलेलं ऐकू आलं, सिस्टर कुणाला तरी चहा आणायला सांगत होत्या तेही ऐकू आलं, आणि मधे काहीच नव्हतं. हूश नव्हती. मी म्हटलं, "सर, थांबलं." त्यांना वाटलं मी त्यांना थांबा म्हणतेय. मी रडत होते, मला नीट बोलता येईना.

तो आवाज पुढे परत आला, दहा-बारा दिवसांनी, बारीक. पण त्या दिवशी मला माझं डोकं परत मिळालं. मधले दोन दिवस मात्र वेगळीच डोकेदुखी होती. उठून बसलं की दुखायचं, आडवं झालं की शांत. बरोबर उलटी. पाठीतून पाणी काढल्यावर काहींना असं होतं. पडून राहिले, पाणी-चहा घेत राहिले, गेली.

आजाराचं नाव लांबलचक आहे, इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन. म्हणजे कारण न सापडता कवटीतला दाब वाढणं. पूर्वी याला खोटा ट्यूमर म्हणायचे, कारण लक्षणं गाठीची आणि गाठ कुठेच नाही. 'निरुपद्रवी' असंही एक विशेषण त्याला लावायचे. लोकांची नजर जाते हे दिसल्यावर ते काढून टाकलं. बहुतेक वेळा तो मूल होण्याच्या वयातल्या, वजन वाढलेल्या बायकांना होतो. एकूण लोकांत बघितला तर विरळा आहे, वर्षाला लाखात एक-दोघांना.

आवाज का येतो हे मला डॉक्टरांपेक्षा भावानं चांगलं समजावलं. माहेर फैजपूरजवळ, घरची केळी. तो म्हणाला, "ताई, ठिबकची नळी पायाखाली आली की कशी सूं करते? पाणी तेवढंच, वाट बारीक झाली." आतला दाब त्या मोठ्या शिरेला बाहेरून चेपतो, रक्त अरुंद वाटेतून घुसळत जातं, आणि शीर कानाच्या हाडाला लागूनच असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक हूश. त्याच दाबानं डोकं दुखतं आणि तोच दाब डोळ्याच्या नसेला सुजवतो. कान, डोकं आणि डोळा यांना जोडणारी गोष्ट ती एकच होती.

उपचार म्हणजे पाणी कमी तयार व्हावं म्हणून अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या, आणि वजन. गोळ्यांनी हातापायांच्या बोटांना आणि ओठांना मुंग्या यायच्या, लघवीला सारखं जावं लागायचं आणि सोड्याची चव पार बदलून गेली. जळगावला गेल्यावर जिरा सोडा प्यायची माझी लहानपणापासूनची सवय. आता घोट घेतला तर पत्रा चाटल्यासारखं लागतं. हे त्या गोळीनं होतंच, असं मला आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही.

वजनाचं जास्त अवघड गेलं. सुरुवातीला कुणी वजनाचा विषय काढला की मला अपराध्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हा औषधाचाच भाग आहे, दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं तरी दाब खाली येतो. माहेरी आई खापरावरचे मांडे करून वाट बघायची, हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि पुऱ्या, वरण-बट्टी म्हणजे तुपात बुडवलेली. भरीत ठेवलं, पुऱ्यांच्या जागी कळण्याची एक भाकरी आली. आई आधी रुसली, मग डोळ्याच्या डॉक्टरांकडे एकदा तिलाच बरोबर नेलं. तिथे नजरेच्या परिघाची तपासणी असते. अर्धगोल भांड्यात हनुवटी टेकवून बसायचं, कुठेही बारीक ठिणगी चमकली की बटण दाबायचं. कागदावर जिथं दिसत नाही तिथं काळं येतं. माझ्या उजव्या डोळ्याला नाकाच्या बाजूला खाली काळा डाग होता. आईनं तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. तेव्हापासून बट्टीचा आग्रह बंद झाला.

आता साडेनऊ किलो कमी झालेत. नसेची सूज उतरली, गोळ्या निम्म्यावर आल्या, सकाळचं डोकं दुखत नाही. आवाज एखाद्या रात्री खूप दमल्यावर बारीक येतो. तो काळा डाग आधीपेक्षा लहान आहे, पण आहे. दर तीन महिन्यांनी कागद काढायला जायचं आणि जुन्या कागदाशी लावून बघायचं.

गेल्या महिन्यात नानांना घेऊन गेले कान तपासायला. ते नकोच म्हणत होते. त्यांचा आलेख खालच्या सुरांना बरा होता आणि वरच्या सुरांत, ४,००० हर्ट्झला, एकदम खड्ड्यात पडला होता. आयुष्यभर मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या कानाचा आलेख असाच पडतो म्हणे. त्यांना श्रवणयंत्र सांगितलंय. बाहेरचं नीट ऐकू आलं की आतले रातकिडे मागे पडतात, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या.

परत येताना जळगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. नाना म्हणाले, "तुझा तो आवाज नक्की कसा होता? करून दाखव बरं एकदा." मी करून दाखवला. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, फिटरची जाड बोटं नाडीवर ठेवली आणि मान खाली घालून बराच वेळ ऐकत बसले.

"माझा असा नाही," म्हणाले.